करकोचा उडत होता की उभा

रांगेल चाकारोव्ह आयुष्यात दोघांनाच भ्यायचा. एक बायको पेना, आणि दुसरा कामावरचा, वीज तोडणारा चार नंबरचा ब्रेकर. पेना निदान तोंडानं बोलून मोकळी व्हायची. ब्रेकर मुका. तो नुसता तेल गाळायचा.

प्लोवदिव्ह शहराला वीज वाटणाऱ्या उपकेंद्रात रांगेलची चौतीस वर्षं पाळ्या करण्यात गेली होती. माणूस थोराड, हात फावड्यासारखे, बोलणं मात्र जपून, जणू शब्दांनाही मीटर लावलाय. कंट्रोल रूमच्या मागच्या पट्टीत तो मिरच्या लावायचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या उबेला त्या गावातल्या कुणाहीपेक्षा पंधरा दिवस आधी यायच्या. त्याचं अक्षर देखणं होतं. त्या अक्षरात गेली तीन वर्षं दर सोमवारी नोंदवहीत एकच ओळ पडत होती: ‘चार नंबर. तेल गळतंय. बदलावा.’ आणि दर गुरुवारी वरच्या ऑफिसातून तिच्या शेजारी शिक्का पडत होता: ‘नोंद घेतली.’

वरच्या ऑफिसला नोंद घ्यायला वेळ होता, ब्रेकर घ्यायला नव्हता. त्या तीन वर्षांत त्यांनी दर्शनी भाग सगळा काचेचा करून घेतला आणि आत माणूस झोपेल एवढी माशांची टाकी बसवली. मासे जपानी होते. त्यांच्या टाकीसाठी वेगळा जनरेटर होता.

एक मार्चला पेनानं नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. मार्तेनित्सा. वसंताचा पहिला करकोचा दिसेपर्यंत तो मनगटावर ठेवायचा. गाठ मारताना नेहमीप्रमाणे दम दिला, “करकोचा दिसल्याबिगर सोडलास तर बघ. मागं एकदा कुंपणाला अडकून तुटला म्हनलास, आन् त्याच साली माझी गाय गेली.”

“गाय म्हातारी व्हती, पेना.”

“दोरा तर नवा व्हता न्हवं?”

काही घरांत पहिलं फुललेलं झाड दिसलं तरी दोरा सोडतात. पेनाच्या घरात ही पळवाट नव्हती. आणि त्या वर्षी थंडी अशी हटून बसली होती की झाडांनीही कळ्यांचं तोंड उघडलं नव्हतं. मार्चची नऊ तारीख उजाडली तरी शहरातल्या लहानथोरांच्या, पाद्र्यापासून पाकीटमारापर्यंत सगळ्यांच्या मनगटावर दोरे तसेच होते. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं आणि आभाळ रिकामं होतं.

त्याच नऊ तारखेला, संध्याकाळी साडेपाचला, चार नंबर फुटला.

रांगेल तेव्हा मिरचीच्या रोपांवर प्लास्टिक घालत होता. आधी खोल घशातून ढेकर यावी तसा आवाज झाला, मग निळा उजेड, मग काळ्या धुराचा लोट. आणि मग एकेक करत, शहर ज्यांवर वसलंय त्या सातही टेकड्या विझल्या. शहर एकोणीस तास विझलेलं राहिलं. तेराव्या मजल्यावर पाणी चढेना. लिफ्टमध्ये एक दातांचा डॉक्टर आणि अर्धा दात उपटून एक्स-रेला निघालेला त्याचा पेशंट असे दोघं एकत्र अडकले आणि बाहेर आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. रांगेलच्या गल्लीतल्या स्पास खाटकानं फ्रीजरमधलं अख्खं डुक्कर अंगणात शेकोटीवर चढवलं आणि गल्लीला फुकट जेवू घातलं, घास-घासाला वीज कंपनीच्या आयाबहिणींचा उद्धार करत.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं सांगितलं, कारण तांत्रिक आहे. हे ऐकून लोक जास्तच भडकले. ‘तांत्रिक’ म्हणजे तुम्हाला काय कळणार, हे या गावाला बरोबर कळतं. काचेच्या दारापुढं माणसं जमली, कुणी वितळलेलं आइस्क्रीम काचेला फासलं. मग दुपारी रांगेलला वर बोलावणं आलं.

डायरेक्टर इंजिनिअर काम्बुरोव्ह माशांच्या टाकीशेजारी उभा होता. बरोबर कंपनीच्या वतीनं पेपरवाल्यांशी बोलणारी विओलिना नावाची बाई.

“रांगेलभाऊ, बसा, बसा. किती राहिले हो तुमचे? पेन्शनला?”

“चौदा म्हैने, साहेब.”

“चौदा! म्हणजे आलंच की.” काम्बुरोव्हनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आता मला सांगा, काल तुम्ही एकटेच होता पाळीवर. काय दिसलं?”

“चार नंबर फुटला, साहेब. म्या दर सोमवारी—”

“ते झालं नंतर. आधी काय दिसलं? आधी एक करकोचा येऊन तारांवर बसला, नाही का?”

रांगेल माशांकडे बघू लागला. मासे तोंडं उघडझाप करत होते, पण त्यांच्याकडूनही काही सूचना आली नाही.

“करकोचे तर आजून आलं न्हाईत, साहेब.”

“एखादा लवकर येतो. हवामान बदललंय, जगभर ओरड चाललीय,” विओलिना म्हणाली. “आणि भाऊ, विचार करा. करकोच्यावर लोक रागावणार नाहीत. करकोच्याला नोकरीवरून काढत नाहीत. करकोच्याला पेन्शन नसते.”

शेवटचं वाक्य तिनं सावकाश म्हटलं. कागद तयारच होता. ‘मी, खाली सही करणार, तारांवर बसलेला करकोचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.’ रांगेलनं आपल्या देखण्या अक्षरात सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं अक्षर घाणेरडं वाटलं.

मग टीव्हीवर काय बोलायचं याची दोन तास तालीम झाली. कुठं बसला, पंख कसे पसरले, ठिणगी कशी उडाली. तिघंही मन लावून घोकत होते. टेबलावर तीन उजवे हात होते आणि तिन्ही मनगटांवर लाल-पांढरा दोरा होता. काम्बुरोव्हचा रेशमी, विओलिनाचा मण्यांचा, रांगेलचा लोकरीचा. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. रोज बघितलेली गोष्ट माणसाला दिसत नाही; चार नंबरचंही तेच झालं होतं.

चार वाजता उपकेंद्राच्या फाटकापाशी कॅमेरे लागले. रांगेल घडाघडा बोलला. आला, बसला, पंख पसरले, ठिणगी. काम्बुरोव्ह मागं उभा राहून मान डोलवत होता. सगळं सुखरूप पार पडलंच होतं, तेवढ्यात एका पोरसवदा पत्रकार बाईनं सहज विचारलं. करकोचा बघितला म्हणणाऱ्याला या मुलखात जे पहिलं विचारतात तेच.

“आणि भाऊ, उडत होता की उभा?”

आता पहिला करकोचा उडताना दिसला तर वर्ष पायाला चाकं लावून जातं, आणि उभा दिसला तर माणूस वर्षभर बसून राहतो, आजारी, नाहीतर बेकार. आपला करकोचा उभा होता असं कॅमेऱ्यापुढं कबूल करणारा माणूस आजवर कुणाच्या पोटी जन्मला नाही. रांगेलचं तोंड त्याच्या डोक्याच्या आधी धावलं.

“उडत व्हता!” तो अभिमानानं म्हणाला, आणि कसा उडत होता ते दाखवायला त्यानं उजवा हात आभाळाकडे फेकला. बाही कोपरापर्यंत घसरली. मनगटावर पेनानं बांधलेला दोरा साऱ्या देशापुढं लोंबत राहिला.

करकोचा बघितलेल्याच्या मनगटावर दोरा नसतो, हे प्लोवदिव्हच्या स्वयंपाकघरांत कुणाला सांगावं लागलं नाही. मग हसू फुटलं, आणि ते चार नंबरपेक्षा मोठ्यानं फुटलं.

रांगेल गल्लीत शिरला तेव्हा स्पास खाटीक दुकानातून धावत बाहेर आला आणि त्यानं त्याला उचलायचंच बाकी ठेवलं.

“वाघ हायस, रांगेल, वाघ! साहेब मागं हुबा आन् तू त्याच्या नाकावर टिच्चून दोरा दाखवलास! काय खूण केलीस! बसल्याला करकोचा उडवलास!” त्यानं सॉसेजची माळ त्याच्या गळ्यात घातली. “पैशाचं नाव काढलंस तर थोबाड फोडीन.”

रांगेल नवरदेवासारखा माळ घालून घरी आला. पेना ओट्याला टेकून उभी होती.

“समद्या गल्लीला वाटतंय तू शूर हायस.”

“व्हय.”

“तू इसरला व्हतास.”

“व्हय.”

“चाळीस वर्सं भाकर घालते तुला, वळखते.” तिनं माळ काढून घेतली. “सॉसेज चांगली हायती. पर ही खोट्याची हायती, ध्यानात ठेव. खाताना घशात अडकली पायजेत.”

अडकली नाहीत, आणि त्याचंच रांगेलला रात्रभर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी काचेच्या ऑफिसपुढं आली, मनगटावरचा दोरा सोडला आणि कुंपणाच्या गजाला बांधला. रखवालदार म्हणाला, “आजी, हे काय?” म्हातारी म्हणाली, “तुमच्याकडं करकोचा आलाय म्हंत्यात. मग दोरा तुमच्याकडंच बांधायचा की! आमच्याकडं अजून यायचाय.” दुपारपर्यंत रांग लागली. दातांचा डॉक्टर आला आणि त्याच्या पाठोपाठ गालाला फडकं बांधलेला त्याचा पेशंट. अजून अबोलाच होता, पण दोघांनी शेजारशेजारच्या गजांना गाठी मारल्या. शुक्रवारी ते कुंपण लग्नघरासारखं लाल-पांढरं झालं होतं. कंपनीनं रात्रीतून दोरे कापले. सकाळी दुप्पट झाले. कुणीतरी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: ‘करकोच्याची नोंद घेतली.’

शनिवारी रांगेलला पुन्हा बोलावणं. जाताना त्यानं कपाटातून नोंदवही काढली आणि काखेत मारली. कशाला, हे त्याला नीट माहीत नव्हतं. रिकाम्या काखेनं जायला भीती वाटत होती, एवढंच.

“गडबडीत दोरा सोडायचा राहून गेला,” विओलिनानं शांतपणे सांगितलं. “असं म्हणायचं. घाबरला होतात. आणि करकोचा आधी उडत आला, मग बसला. बाहेर सगळे जमलेत. हात पुढे करा.” तिच्या हातात छोटी कात्री होती.

“चौदा महिने, रांगेलभाऊ,” काम्बुरोव्ह म्हणाला.

रांगेलनं हात टेबलावर ठेवला. कात्री जवळ आली. त्याला पेनाची गाय आठवली, मिरच्यांची रोपं आठवली, एकशे छप्पन सोमवार आठवले. आणि टेबलाच्या पलीकडे त्याला ते दिसलं, जे त्या दिवशी दिसलं नव्हतं.

“साहेब,” तो म्हणाला, “पयलं तुमचा कापा.”

“माझा?” काम्बुरोव्हनं मनगट झटकन मागं घेतलं, जणू कुणी चटका दिला. “माझा कशाला? मी कुठं बघितलाय अजून करकोचा?”

रांगेलनं आपला हात टेबलावरून उचलला.

“मग म्या तरी कुठं?” रांगेल म्हणाला, आणि उठला.

बाहेर कुंपणाशी कॅमेरे होते, गर्दी होती, स्पास होता. रांगेलनं भाषण केलं नाही; ते त्याला येत नव्हतं. “न्हाय बघितला,” एवढंच तो म्हणाला. “सही केली ती खोटी. त्या दिवशी दोरा दाखवला बी न्हाय, सोडायचं ध्यानातच न्हवतं. स्पास, सॉसेजचं पैसं देतो.” मग त्यानं वही उघडून त्या पत्रकार बाईच्या हातात दिली. तिनं पहिला सोमवार वाचला. मग दुसरा. चौथ्या सोमवारपासून गर्दीच तिच्याबरोबर म्हणू लागली, “चार नंबर! तेल गळतंय! बदलावा!” आणि शिक्क्याच्या जागी सगळे एका सुरात, “नोंद घेतली!”

आठवड्यानं कंपनीनं चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. करकोचा निर्दोष सुटला. कारण होतं मानवी चूक, आणि त्या मानवाचं नाव रांगेल चाकारोव्ह. चौतीस वर्षांत बढती मिळाली नव्हती, ती अशी मिळाली: पक्ष्याच्या जागी नेमणूक. खोटी सही केली म्हणून नोकरी गेली. ती सही करून घेणाऱ्याची बदली राजधानीत झाली, मोठ्या ऑफिसात. चार नंबरच्या जागी नवा ब्रेकर आला, म्हणजे दुसऱ्या गावातला जुना, रंग देऊन.

चोवीस मार्चला रांगेल अंगणात बसून मिरच्यांसाठी काठ्या तासत होता. ती रोपं त्यानं उपकेंद्रातून बादल्यांत घालून आणली होती. आता तीही इतर गावासारखी उशिराच येणार होती. एवढ्यात पेना ओरडली.

“रांगेल! आला! बघ की वर!”

गल्लीच्या विजेच्या खांबावर करकोचा होता. एका पायावर, मान मुरडून, जणू खांब त्याच्या बापानं रोवलेला. रांगेलनं बघितलं. पेनानं त्याच्याकडे बघितलं.

“उडतोय न्हवं?” तिनं घाईनं विचारलं.

“उभा हाय.”

“आरं, पंख हालीवलं त्यानं आत्ता. उडतोय म्हन की! कोन बघतंय हितं? कॅमेरा का हाय?”

“उभा हाय, पेना.”

पेनानं एक उसासा टाकला, पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले आणि त्याच्या मनगटाची गाठ दातांनी सोडू लागली.

“मग काय,” ती दोरा दातात धरूनच म्हणाली, “बसा आता वरीसभर घरी.”