कुरुळी फाट्यावरचा फर्माइशीचा डबा

मोशीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांना रॉक गाणी ऐकायला शिकवलं ते आपण. म्हणजे शिकवलं मॅडमनी. आपण स्टेशनचा जिना झाडायचो, चहा आणायचो आणि कार्यक्रम चालू असताना दार उघडून शिव्या खायचो.

आमचं एफएम स्टेशन मोशीत, एका ट्रस्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. छोटंसंच. कार्यक्रम करायच्या त्या मॅडम राहायच्या सांगवीला, तिथं ते लागायचंसुद्धा नाही. पण कुरुळी, निघोजे आणि चाकणच्या अलीकडच्या कंपन्यांत खणखणीत लागायचं. मॅडम आधी एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होत्या. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या खात्यात, माणसांची बोटं जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेली. भिंतीवर बोर्ड लावला तर कोणी वाचत नाही, म्हणून रेडिओवरून बोलायचं त्यांच्या डोक्यात आलं. शॉपमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, पण कुठंतरी खिळ्याला जुना रेडिओ टांगलेला असतो. आता प्रेस धडाधड पडत असताना हळुवार गाणं काय ऐकू येणार? मॅडम म्हणाल्या, प्रेसच्या वरून ऐकू येईल असंच गाणं लावू. म्हणून रॉक. गिटार ग्राइंडरसारखी आणि ड्रम दोनशे टनी प्रेससारखा. आणि दोन गाण्यांच्या मध्ये मॅडमचं बोलणं, दिवसातून दहा वेळा: "डायमध्ये हात घालू नका. गार्ड काढला असेल तर मशीन चालू करू नका. सुपरवायझर ओरडला तर माझं नाव सांगा." डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा, आणि गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून त्याच्यापुढं लावलेली जाळी.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी पहिलं गाणं ऐकलं आणि मला विचारलं, "भांडी कोणी पाडली रे?" पण माणूस चांगला. मॅडमना म्हणाले, "चालवा. फक्त ऐकणारे दाखवा. दर सोमवारी फर्माइशीच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर पाहिजेत. चिठ्ठ्या थांबल्या की ही जागा मी शिवणक्लासला देणार."

स्टेशनला फोन ठेवलाच नव्हता. अध्यक्षांचं म्हणणं, फोन ठेवला की दिवसभर क्रेडिट कार्डवाले. म्हणून कुरुळी फाट्यावर चाचांच्या चहाच्या टपरीला एक बिस्किटाचा डबा बांधला, झाकणाला चीर पाडून. पहिली शिफ्ट सुटली की पोरं चहा पिता पिता चिठ्ठी टाकायची. कॅन्टीनच्या कूपनमागं, पुठ्ठ्यावर, एकानं तर हॅकसॉ ब्लेडच्या पाकिटावर लिहिलेलं. शनिवारी जाऊन डबा रिकामा करून आणायचा, हे माझं काम. वर्षभर नीट केलं. माझ्या आयुष्यात वर्षभर नीट केलेलं ते एकच काम.

मग एका शनिवारी गेलो तर डबा रिकामा. दिवाळी होती, कंपन्या बंद होत्या, चिठ्ठी टाकणार कोण? बालवाडीतल्या पोरालाही कळलं असतं. मी सातवी नापास, तेही दोनदा. मला डोळ्यांसमोर सरळ शिलाई मशिनी दिसायला लागल्या. सोमवार तोंडावर. मग मी बसलो आणि सात चिठ्ठ्या स्वतःच लिहिल्या. चार उजव्या हातानं, तीन डाव्या हातानं. अक्षर वेगळं दिसायला नको?

अध्यक्ष खूश. मॅडम खूश. मग मी कशाला नाराज होऊ? कुरुळीला जायचं म्हणजे नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास ट्रेलरचा धूर खायचा. त्यापेक्षा स्टोअररूममध्ये पंख्याखाली बसून लिहिलेलं काय वाईट? दिवाळीनंतर मी कुरुळीला गेलोच नाही. साडेतीन महिने.

त्यात मी एक ताई तयार केली. पॅकिंग डिपार्टमेंटला, मूळची लातूरची, सासू कडक, आणि गिटार वाजली की सासूचा राग विसरते अशी. मॅडमना ती इतकी आवडली की रोज दुपारी आणि परत संध्याकाळी माइकवरून तिच्याशी बोलायला लागल्या. "ताई, आज सासूबाईंची तब्येत कशी आहे?" बाहेर मी चहाचे कप विसळताना आपोआप मान हलवायचो, बरी आहे म्हणून.

त्याच सुमाराला गच्चीवर गाणी हवेत सोडणारं मशीन असतं, त्याच्या खोलीचे पत्रे बदलायचे होते. पत्रेवाला दोन दिवसांनी येतो म्हणाला. मी म्हणलं, दोन दिवस कशाला, ड्रिल आहे, मी आहे. बसवले. अध्यक्षांनी खाली उभं राहून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेलो तर मशीनवर एक लाल दिवा लागलेला. आता मी चार वर्षं प्रेस शॉपमध्ये हेल्पर होतो. तिथं लाल दिवा म्हणजे लाइन बंद. पण मी स्टेशनला कामाला लागल्या लागल्या मॅडमनी स्टुडिओच्या दारावरचा दिवा दाखवून बजावलेलं, "हा लाल दिवा लागला म्हणजे आपण चालू आहोत, तेव्हा दार उघडायचं नाही." मी म्हणलं, वा, मशीनलाही तसाच दिवा आहे, आपल्याला दिसला नव्हता एवढंच. पत्रे बदलल्यावर उजेड पडला असेल. रोज सकाळी लाल दिवा बघायचो आणि रजिस्टरला लिहायचो: चालू.

खाली स्टुडिओत गाणी मस्त वाजत होती. ती कशी वाजत होती, ते मला पुढं कळलं. स्टुडिओतला स्पीकर थेट टेबलावरच्या मशीनला जोडलेला असतो. बाहेर जगाला ऐकू जावो न जावो, आतल्यांना ऐकू येतच राहतं. आणि स्टेशनात वेगळा रेडिओ कोणी ठेवलाच नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी अध्यक्ष म्हणाले, "वर्धापनदिनाला त्या पॅकिंगच्या ताईंचा सत्कार करू. साडी देऊ. जा, घेऊन ये त्यांना."

आता ती ताई आणायची कुठून? तरी डोकं चाललं. म्हणलं, कुरुळीला जाऊ, पॅकिंगमधली कुठलीही ताई पकडू, साडी मिळते म्हणल्यावर नाही कोण म्हणेल? दुपारी तीनला टपरीवर पोचलो. चाचांनी मला बघितलं आणि हातातलं गाळणं तसंच धरून उभे राहिले.

"जिंदा आहेस?" म्हणाले. "मला वाटलं स्टेशन बंद पडलं तसा तू पण गेलास."

"बंद कुठं पडलंय चाचा? रोज चालू आहे की."

चाचांनी फळीवरचा रेडिओ लावला. आमच्या आकड्यावरच काटा होता, त्यांनी हलवलासुद्धा नव्हता. खरखर. नुसती खरखर. घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे मॅडम आत्ता पॅकिंगच्या ताईशी बोलत असणार. मी रेडिओला कान लावला, थापटला, उलटा केला.

"रेडिओला कशाला मारतोस भाई," चाचा म्हणाले. "दुसरी स्टेशनं लागतात त्याच्यावर. तुमचंच नाही लागत, थंडी पडल्यापासून."

मग त्यांनी टपरीला बांधलेला डबा सोडवून माझ्या हातात दिला. वर आणखी एक तेलाचा डबा दिला. "पहिला भरला, म्हणून हा लावला. तू येईनास, मी काय चिठ्ठ्यांत भजी बांधू?"

मी तिथंच बाकड्यावर बसून वाचायला लागलो. "स्टेशन का बंद केलं?" "मॅडम आजारी आहेत का?" "राव, शॉपमध्ये झोप यायला लागली, चालू करा." "कोणी तक्रार केली का? सांगा, आम्ही सह्या देतो." एकीमागं एक, सगळ्या तशाच. आम्ही तिकडं खोट्या माणसाशी गप्पा मारत होतो आणि खरी माणसं इकडं डब्यात हाका मारत होती.

त्यात एक चिठ्ठी निघाली, अक्षर पार वेडंवाकडं. डाव्या हातानं लिहिलेलं मला लांबून ओळखू येतं, माझी प्रॅक्टिस होती. मला हसू आलं. म्हणलं, हा पण आपल्यातलाच दिसतो. मग पुढं वाचलं.

"मॅडम, डाव्या हातानं लिहितोय, हसू नका. उजव्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. गार्ड काढलेला होता. तुम्ही रोज बोलायच्या तेव्हा निदान आठवण तरी राहायची. चालू झालं की एक जोरातलं गाणं लावा."

चाचांनी चहा पुढं केला, तो तसाच ठेवून मी उठलो.

दोन्ही डबे गाडीवर बांधून स्टेशनला आलो. दारावर लाल दिवा होता. मी सरळ दार उघडलं. मॅडम माइकवर बोलत होत्या, "...तर ताई, सासूबाईंना सांगा..." मला बघून हातानंच बाहेर हो म्हणाल्या.

"मॅडम," मी म्हणलं, "बोलू नका. कोणी ऐकत न्हाई."

"डोकं फिरलंय का तुमचं? आपण चालू आहोत."

"न्हाई मॅडम. दिवाळीपासून न्हाई. आणि ती ताई पण न्हाई. ती मीच हाय."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. गाणं वाजतच होतं, ते बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. त्या तडक गच्चीवर गेल्या, मी मागं. खोलीत त्यांनी लाल दिवा बघितला, मग वर बघितलं. पत्र्याचा एक स्क्रू अँटेनाच्या केबलच्या बरोबर मधोमध घुसलेला. मीच मारलेला. एवढा सरळ स्क्रू मी आयुष्यात दुसरा मारला नाही.

इंजिनिअर आला, केबल बदलली, दिवा हिरवा झाला. एवढंच काम. अध्यक्षांनी तोवर दोन्ही डबे टेबलावर ओतले होते. माझ्याकडं बघायचं टाळत चिठ्ठ्या वाचत होते, चष्मा पुसत होते. शेवटी मॅडमना म्हणाले, "शिवणक्लास राहू दे. याला काढायचं की ठेवायचं, तुम्ही ठरवा."

मॅडमनी पहिलं गाणं लावलं ते डाव्या हाताच्या चिठ्ठीवाल्यासाठी. जोरातलं. माफी मागितली, मग नेहमीचं बोलल्या: डायमध्ये हात घालू नका. गाणं सुरू झाल्यावर बाहेर आल्या. मी जिन्यात बसलो होतो, तोंड टॉवेलात.

"मॅडम," मी म्हणलं, "माझ्यामुळं गेली हो त्याची बोटं. एवढं मोठं पाप माझ्या हातनं झालं."

"बोटं गार्ड काढलेल्या मशीननं घेतली," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला एवढं मोठं समजू नका. डबा उचला आणि कुरुळीला निघा."