चूल फोडून बसवलेला टब

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात; मी लोणखेड्याला गेलो आणि एक जुनं घर विकत घेतलं. पत्नी जाऊन वर्ष झालं होतं. नाशिकची मुलगी म्हणत होती, "बाबा, या इकडे, खोली रिकामीच आहे." म्हटलं, येतो, पण रिकाम्या हातानं नाही. घर झकपक करायचं, बड्या गिऱ्हाइकाला विकायचं आणि मग ऐटीत जायचं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे बांधकामातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

मागच्या अंगणात मातीची मोठी चूल होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या बाया तिच्यावर पालथं खापर ठेवून हातभर रुंद पुरणपोळ्या भाजायच्या. मी ती फोडली, वर छत घातलं आणि तिथं बाथटब बसवला. श्रीमंतांच्या घरात टब लागतोच, असं मोबाइलवर पाहिलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं, हे भूगोलाच्या मास्तराच्या ध्यानात आलं नाही. पुढं उंच फाटक लावलं, कॅमेऱ्याची बेल लावली. ती आजवर फक्त गिऱ्हाइकांनीच वाजवली आहे. घर नांदतं दिसावं म्हणून मी तिथंच मुक्काम ठोकला, सोफ्याचं प्लास्टिक न काढता. बसलो की ते करकरतं. दिवसभरात घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच.

अखेर शहाद्याचे एक डॉक्टर आईला घेऊन आले. डॉक्टरांना सगळंच पसंत पडलं. आजी टबापाशी थांबल्या.

"हाई काय शे, मास्तर? ढोरेसले पानी पाजानी कुंडी?"

"टब आहे, आजी. यात आडवं पडून आंघोळ करायची."

"आडवं? आजारी मानूससाठे शे का?" त्यांनी चौफेर पाहिलं. "मंग खापर कोठे मांडानं?"

"आत काचेची शेगडी आहे ना."

"काचवर खापर!" त्या मुलाकडे वळल्या. "चाल रे भाऊ."

फाटकापाशी डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, चूल असती तर आईला समजावलं असतं." एवढ्यावर मी दुसऱ्याच दिवशी टब उखडायला काढला. ज्यानं तो बसवला होता, तोच गवंडी आला. "सर, पुढच्या खेपेला आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा," एवढंच तो म्हणाला आणि दिवसभर स्वतःशीच हसत राहिला.

चूल झाली. पूर्वी तिथं पोळ्या भाजणाऱ्या शेजारणीला मी म्हटलं, "ताई, यंदा आखाजीला इथंच या सगळ्या."

"आता आम्ही पलीकडच्या घरी करतो, सर. तुमचं फाटक बंद असतं ना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.

नवी चूल फारच नवी दिसत होती. आजी परत आल्या आणि त्यांना ती नुसती देखाव्याची वाटली तर? म्हणून रोज संध्याकाळी काटक्या जाळून मी ती काळी करू लागलो. जाळ फुकट जायला नको म्हणून वर एक कप चहा ठेवतो. मुलीचा फोन आला की सांगतो, पुढच्या महिन्यात नक्की. डॉक्टरांचा फोन येत नाही.

काल धूर पाहून शेजारणीनं भिंतीपलीकडून हाक मारली, "काय रांधी ऱ्हायनात, सर?"

"काई नई, ताई," मी म्हणालो, "घर इकी ऱ्हायनू."