चाचांनी छापलेलं पत्रक

प्रचाराचं पत्रक छापायला घेण्याआधी प्रेसवाले चाचा ते उमेदवाराला मोठ्याने वाचून दाखवत, दुकानात इतर गिऱ्हाइकं बसलेली असली तरी. शंका आली की थांबत, चष्म्यावरून बघत. "ही टाकी कुठं बांधली भाऊ? चाला, पाहून येऊ." काही जण हसत, काही मजकूर उचलून दुसऱ्या प्रेसमध्ये जात. मूर्तिजापूरला आम्ही प्रेसच्या वरच राहायचो. शाळेतून आल्यावर मी जिन्यात बसून हे सगळं ऐकत असे.

पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव टाकावंच लागतं. "कोनं छापलं, हे कायदा इचारते. खरं हाय का, हे कोनीच इचारत नाई," चाचा म्हणत. म्हणून त्यांनी मागणी लावून धरली: राजकीय जाहिरातींचा खरेपणा तपासायला स्वतंत्र यंत्रणा हवी, सरकारच्याही हातात नाही आणि पक्षांच्याही. दिल्लीला पाठवायचं निवेदन इंग्रजीत हवं होतं, आणि इंग्रजी शाळेतली मीच काय ती जवळ होते. मी मान खाली घालून लिहीत असे. "तू बोलत नाई, बरं हाय बेटा. आयकते तरी."

एकदा धीर करून विचारलं, "चाचा, यंत्रणा कशाला? तुम्ही तपासता ना?"

"मी बी मत देतो ना. मले बी कोनी आवडते."

उत्तर टाळलं, असंच मला वाटलं.

मग अकोल्यात सह्यांसाठी सभा झाली. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांची खोटी पत्रकं नाचवत आले. "हा बुढा त्यायचाच मानूस हाय!" दोन्हीकडून तेच. लोक उठू लागले. सह्यांचा कागद कोरा होता.

चाचांनी माझ्या हातातल्या पिशवीतून एक पत्रक काढलं.

"हे मी छापलं. लिवलं हाय, आमच्या गावात पोरींचं वसतिगृह सुरू झालं. मी पाहाले गेलोच नाई. काहून? मानूस माह्या आवडीचा होता. मत बी त्यालेच देलं. मंग गेलो, तं दाराले कुलूप. अंदर एक खाट बी नाई." त्यांनी तळाशी बोट ठेवलं. "हे माहं नाव. आता सांगा, मी तपासू का तुमी तपासता?"

मागून कोणीतरी "च्यायला" म्हणालं. सगळ्यात जास्त ओरडणारा पहिला सही करायला आला. त्या दिवशी ती पिशवी माझ्या हातात होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतर त्या वसतिगृहवाल्या नेत्याने चाचांना छपाईचं काम देणं बंद केलं, मग बाकीच्यांनीही. चाचा लग्नपत्रिका छापत राहिले, सह्या गोळा करत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. यंत्रणा अजून झालेली नाही.

मी आता अमरावतीत नोकरी करते. रविवारी सह्यांचा कागद घेऊन बाजारात जाते. अनोळखी माणसाशी बोलायला अजूनही बुजते, म्हणून आधी एक खोटं पत्रक पुढे ठेवते. परवा एका दुकानदाराने ते पाहून टोमणा मारला, "म्हंजे तुमी त्या दुसऱ्या पार्टीच्या दिसता, ताई."

"नाही," मी पत्रकातल्या उमेदवाराच्या नावावर बोट ठेवलं. "मी मत यांनाच दिलं."

त्याने पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पेन मागितलं.