मार्थाबाईची नळी

आमच्या माहेरी एक नियम होता: ज्याचा सण, त्याची नळी. सण म्हणजे बाप्तिस्म्याला ज्या संताचं नाव मिळालं, त्या संताचा दिवस. आणि नळी म्हणजे मटणातली, आत मगज असलेली. वैजापूर तालुक्यातलं आमचं खेडं. मटण शिजायचंच क्वचित, आणि शिजलं तरी पातेल्यात नळी एखादीच. ती ज्याच्या ताटात पडे, तो त्या दिवसापुरता पोप.

माझ्या नावाची संत निघाली मार्चमधली. म्हणजे जवळजवळ दरसाल ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात. रोमनं मटण शुक्रवारपुरतं बंद सांगितलं असेलही, पण आमच्या आईचं रोम वेगळं होतं. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मटणाचं पातेलं पालथं पडायचं, ते ईस्टरलाच सुलटं व्हायचं. माझ्या सणाला माझ्या ताटात हुलग्याची उसळ. भावाचा संत ऑगस्टमधला लॉरेन्स. त्या बिचाऱ्याला जाळीवर भाजून मारलं, आणि आमचा भाऊ त्याच्या नावानं माझ्यासमोर ताटावर नळी ठोकायचा.

"तुझी संत लई पवित्र हाय गं," म्हणायचा. "तिला हुलगंच आवडत्यात."

बाराव्या वर्षी माझं दृढीकरण ठरलं, म्हणजे बाप्तिस्म्यात मिळालेली श्रद्धा बिशपांच्या हातून पक्की करून घ्यायचं. त्या संस्काराला आणखी एका संताचं नाव घेता येतं, हे कळलं आणि मला मोक्षाचा मार्ग दिसला. रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की सिस्टर आम्हाला लिंबाखाली बसवून संतचरित्रं सांगायच्या. बाकीच्या पोरी डोळे पुसत ऐकायच्या. कुणाला सिंहापुढं टाकलेली संत आवडली, कुणाला डोळे काढलेली. मी मात्र सगळं स्वर्गराज्य महिन्यावारी लावत होते. चरित्र चालू असताना मी मुंग्या बघायची आणि शेवटी सणाची तारीख आली की कान टवकारायची.

एका रविवारी सिस्टर म्हणाल्या, मार्था, हिच्या घरी येशू पाहुणा यायचा, सण एकोणतीस जुलै. तारीख आज आधीच सांगून टाकलेली. जुलै, वर पाहुणा, म्हणजे मटण आलंच. पुढचं ऐकायची गरजच काय? पुढं काय होतं तर मार्था एकटी चुलीपाशी राबत होती, बहीण मरिया येशूच्या पायाशी बसून त्याचं बोलणं ऐकत होती, मार्थानं तक्रार केली आणि येशूनं बाजू घेतली बसलेलीची. सिस्टरनी हे सगळं नीट सांगितलं असणार. माझ्या डोक्यात तोवर नळी शिजायला लागली होती.

दृढीकरणाला शहरातून बिशप आले. भरल्या देवळात त्यांनी मला विचारलं, "मार्थाच का निवडलीस, बाळ?"

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "तिच्या घरी पाहुणं येत्यात, अन् तिचा सण उपासात येत नाय."

देऊळ हसलं. मला वाटलं, कौतुकानं.

जेवण आमच्याच अंगणात होतं. बिशप पाटावर बसले आणि मिशीत हसत म्हणाले, "मार्था, पाहुणा आलाय बरं का." त्यांनी थट्टा केली, पण आईला बिशपांची थट्टा म्हणजे आज्ञाच. तिनं माझ्या हातात पळी दिली. नव्या फ्रॉकवर रस्सा सांडत मी सगळी पंगत वाढली आणि नळी माझ्याच हातानं बिशपांच्या ताटात घातली. मला उरलं खरवडून काढलेलं. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "हुलगं ठिवलंय तुला."

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. सण मार्थाचा, म्हणून स्वयंपाक मार्थाचा. लग्न होऊन गारखेड्यात आले, तर सासूबाईंना ही गोष्ट माझ्याआधी पोहोचलेली. एकोणतीस जुलैला कुणीतरी पाहुणं असायचंच, आणि सासूबाई पदराआडून हसत म्हणायच्या, "मार्थाबाई, नळी पाहुण्याला जाऊ द्या." तारीख आखाडात आली की शेजारचेही हक्कानं जेवायला यायचे. श्रावणात आली की नुसता वास घेऊन जायचे. त्यातच काही वर्षांपूर्वी रोमनं मार्थाच्या दिवसात तिची बहीण मरिया आणि भाऊ लाजरस यांनाही घातलं. मी म्हटलं, घ्या, सणाला आणखी दोन पाहुणे.

यंदा मी सोफ्यावर बसूनच जाहीर केलं, "मी उठणार नाही. मला नळी पाहिजे, तीही गरम, अन् दुसऱ्यानं वाढलेली."

मुलगा म्हणाला, "आई, तू बस गं. मी करतो."

बसले. बसणं फार अवघड काम आहे, हे येशूनं मरियाची बाजू घेताना लक्षात घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कांदा करपल्याचा वास आला. नाक दाबलं. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. जीभ दातांखाली धरली. आज हूं की चूं करायचं नाही, असं ठरवलं होतं.

तेवढ्यात नात शेजारी येऊन बसली. नोव्हेंबरात तिचं दृढीकरण आहे.

"आजी, मी नाव ठरवलंय. मरिया."

"का गं?"

"तिला काही करावं लागत नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आणि आता तुझा अन् माझा सण एकाच दिवशी. मग नळी कुणाची?"

अशी संधी हेरायचं हे डोकं कुणाकडून आलंय, ते मला विचारायची गरज नव्हती.

ताट आलं. मुलानं नळी माझ्याच ताटात वाढली. नात डोळे लावून बसलेली. मी नळी उचलली, ताटावर ठोकली, ओठांना लावली. आत काही नव्हतं. शिट्ट्यांनी मगज विरघळून कधीच रश्श्यात गेला होता, आणि रस्सा सगळ्यांच्या वाट्यांत.

पण माझ्यातल्या बारा वर्षांच्या त्या पोरीला इतकी वर्षं थांबवून ठेवलेली. मी डोळे मिटले आणि चांगला मोठा आवाज काढत नळी ओढली.

"आजी, थोडी दे ना."

"तू मरिया ना?" मी म्हटलं. "मग बस, अन् ऐक."