उजव्या वळणाची घंटी

वरठीच्या त्या गल्लीत रत्नमालाबाईंना नावानं हाक मारणारा एकटा पोस्टमन. बाकी सगळ्यांसाठी त्या 'पोचली-का-बाई'. नवरा जीवन, स्टीलच्या कारखान्यात कामाला, सायकलनं जेमतेम दहा मिनिटांची वाट, तरी तो गेटवर टेकतो न टेकतो तोच फोन वाजायचा, "पोचले का?" शेजारच्या गोदावरीबाई गिरणीवर दळण घेऊन गेल्या तरी परतल्यावर त्यांना विचारणा व्हायची. रत्नमालाबाई भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या. "काळजी हा विषय ठेवला असता तर विद्यापीठात पहिली आली असती हे," असं जीवन चारचौघांत सांगायचा, आणि त्या डोळे वटारायच्या.

अशा बाईच्या मुलीनं, मनालीनं, मोटारसायकल घेतली.

मनालीला अड्याळच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. अड्याळपर्यंत बस जाते, पण दवाखान्याच्या हद्दीतली गावं शेतांमधल्या पांदणींनी जोडलेली. कोणाची गाय अडली, कोणाच्या वासराला ताप आला, तर बसची वाट पाहत कोण बसणार? म्हणून तिनं चिखल्याच्या टेकचंदकडून जुनी गाडी घेतली. टेकचंद खाणीत कामाला. पण दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे अन् रात्रभरच्या नाटकांचे, दिवस आले की तो रजा टाकून गावोगाव नाटकांचा प्रचार करत फिरायचा. गाडीही त्यानं नाटकासारखीच नटवली होती. चावी फिरवली की टाकीखाली लाल-निळे दिवे धावत, पुढं फोकसची जोडी, आरशांना चमकत्या कडा, सीटखाली भोंगा.

रत्नमालाबाईंनी अंगणातूनच ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. "हे गाडी हाये का वरातीचा घोडा?"

"आई, काढून टाकू ना सगळं."

"काढशील तेव्हा काढशील. मी रविवारी मागं बसून येतो. एक जरी खोट दिसली तर गाडी परत, अन् तू बसनं जाशील."

"बसनं नोकरी होणार नाही, आई."

"मंग नाही होणार."

आई बोलली की बोलली, हे मनालीला ठाऊक होतं.

नाक्यावरच्या बाबूलाल मिस्त्रीनं सीट उचललं आणि कपाळाला हात लावला. वायरी शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. सगळ्या थेट बॅटरीला टोचलेल्या, मधे फ्यूज म्हणून नाही. शोभेचे दिवे लावले की मोठा दिवा कंदिलासारखा मिणमिणायचा. "हा गुंता ज्यानं केला त्यालेच विचारा," म्हणून त्यानं टेकचंदला फोन लावायला सांगितला.

"सगळं काढा, भाऊ," टेकचंद तिकडून ओरडला. "फक्त तिसऱ्या घंटीले हात नोका लावू!"

"कोणती घंटी? मले त एकबी दिसून नाही राहिली."

पण टेकचंदची खाणीत उतरायची वेळ झाली होती. फोन बंद झाला. बाबूलालनं दिवे काढले, भोंगा काढला, नवा फ्यूज बसवला. घंटी काही सापडली नाही. बाबूलाल म्हणाला, "नाटकवाला माणूस, डायलॉग मारला असन."

रविवारी मायलेकी निघाल्या. इंडिकेटरवर रत्नमालाबाईंचा भरवसा नव्हता. प्रत्येक वळणावर त्या स्वतःच हात लांब करत. एकदा तर वळणही नव्हतं, समोरून ट्रक येताना दिसला म्हणून केला. भंडारा गेलं, अड्याळ गेलं. मोठा दिवा नीट, ब्रेक नीट. खोट सापडेना, तसा त्यांचा जीव आणखीच वरखाली होऊ लागला.

अड्याळच्या पुढं एका गावाशी रस्ता उखडलेला होता. रत्नमालाबाईंनी दोन्ही हातांनी लेकीची कंबर घट्ट धरली. हात करायला हातच उरला नाही. तेवढ्यात उजवं वळण आलं आणि मनालीनं पहिल्यांदा उजवीकडचं इंडिकेटर दाबलं.

टण्! टण्! टण्!

खणखणीत, पितळी, नाटकाचा पडदा वर जायच्या आधी वाजते तशी घंटी. मनालीनं घाबरून ब्रेक मारला, इंडिकेटर बंद करायचंच विसरली. घंटी वाजतच राहिली आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. कोणाच्या हातात सूप, कोणाच्या अंगावर धानाचा भुसा.

"कोणतं नाटक हाये वो?" पुढं आलेल्या कुंताबाईंनी विचारलं. "अन् कोणत्या पटांगणात?"

"टेकचंदची गाडी हाये ना हे!" मंगरू म्हातारा म्हणाला. "आता बायाच प्रचार करून राहिल्या का?"

कुंताबाईंनी मनालीला हेल्मेट काढताना निरखून पाहिलं. "हे नायिका असन."

"अन् मागची?"

मंगरूनं रत्नमालाबाईंच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या. "हे खलनायिका. तोंड पाहा ना!"

रत्नमालाबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. त्या गाडीवरून उतरून एका ओट्याला टेकल्या आणि डोळे पुसत हसल्या. मनालीनं आईला असं हसताना कधी पाहिलं होतं, तिला आठवेना.

"नाटक नाही, मामा," मनाली म्हणाली. "मी ढोरांची डॉक्टरीन. अड्याळच्या दवाखान्यात नवी आली."

"मंग उभी काहून? माह्या गाईनं दोन दिस झाले तोंड नाही लावलं चाऱ्याले," मंगरू म्हणाला.

गाय तपासून होईपर्यंत रत्नमालाबाईंच्या हातात चहाची कपबशी आली होती. पोटातला प्रश्न त्यांनी कुंताबाईंना विचारूनच टाकला. "ताई, ह्या रस्त्यात पोरगी अडकली तर? गाडी बंद पडली तर?"

"पडन त पडन. टेकचंदची गाडी का कमी ढकलली आम्ही? आमच्या गावच्या तळ्यापासून अड्याळपर्यंत सगळे ओळखतेत हे घंटी. ज्या दिशी पोरगी यायची अन् घंटी वाजली नाही, त्या दिशी आम्हीच पाहाले निघू."

परतीच्या वाटेवर रत्नमालाबाईंनी एकदाही हात लांब केला नाही. उजवी वळणं आली की घंटी वाजे, आणि त्या मागं बसून स्वतःशीच हसत.

दुसऱ्या दिवशी बाबूलालनं दिव्याच्या कवचामागं दडलेली घंटी अखेर शोधून काढली. इंडिकेटरच्या वायरीलाच ती जोडलेली होती. "आता कापतो," म्हणत त्यानं पक्कड उचलली.

"काप, काका," मनाली म्हणाली. "गावभर हसं झालं."

"हात नोको लावू, बाबूलालभाऊ," रत्नमालाबाई म्हणाल्या. "टेकचंदनं सांगितलं होतं ना!"

बाबूलालनं पक्कड खाली ठेवली.

मोठ्या रस्त्यावरून त्यांच्या घरी यायचं तर तीनदा उजवीकडे वळावं लागतं. पाण्याच्या टाकीशी पहिली घंटी वाजते, तेव्हा रत्नमालाबाई हातातलं काम ठेवतात. गिरणीशी दुसरी वाजते, तेव्हा चहाचं आधण चढतं. फोन कोपऱ्यात पडून असतो.

"नायिका आली वो!" गोदावरीबाई भिंतीपलीकडून ओरडतात.

"अन् खलनायिकेनं साखर टाकली का?" जीवन खाटेवरून विचारतो.

तिसरी घंटी वाजते, आणि रत्नमालाबाई दाराचा पडदा बाजूला सारतात.