झेंडूची मुळं आणि दाजींचं गोणपाट

प्रयोगशाळेत किस्से डासांसारखेच होतात. चार दिवस लक्ष दिलं नाही, की वळवळायला लागलेच!

आमचं काम साधं. झेंडूच्या मुळांचा अर्क डासांच्या अळ्यांच्या पाण्यात घालायचा. अंधारात अळ्यांना काही होत नाही, ऊन पडलं की मरतात. निदान मराव्यात! तीन चाचण्या फसल्या होत्या. चौथी फसली तर प्रकल्प बंद, असं वरून पत्र आलं. मी म्हटलं, बंद कसा करतात तेच बघते. करून दाखवणारच!

*

दसऱ्यानंतर मुळं आणायला आचऱ्याला गेले. एका काकींच्या परसात झेंडू होता. फुलं खुडून मी काकींच्या ओटीत घातली आणि मुळं पिशवीत भरली. काकी बघतच राहिल्या.

"गो बाय, फुला माका नि मुळा तुका? घराकडे कोण मोठा माणूस आसा मां तुझ्या?"

*

अळ्यांसाठी ऑफिसमागे पाण्याचं पिंप ठेवलं होतं. पंधरा दिवस जपलं! डेंग्यूच्या पाहणीला आरोग्यखात्याची ताई आली, तिने ते आडवं केलं आणि वर 'पाणी साठवू नका' असं पत्रक माझ्याच हातात दिलं.

"मॅडम, शिकलेली माणसं ना तुम्ही?"

पत्रक बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी नवं पिंप भरलं आणि पाटी लावली : 'डास पाळलेले आहेत. कृपया सांडू नये.'

*

चाचण्या का फसतात ते कळलं चष्म्यामुळे. तो विसरले म्हणून भरदुपारी गच्चीवर परत गेले, तर चौथीच्या तालमीसाठी उन्हात ठेवलेल्या ट्रेवर ओलं गोणपाट! शेजारी आमचे शिपाई दाजी. नोकरीआधी ते वैद्यांकडे पाला वाळवायचे.

"दाजी! हे काय?"

"बाय, झाडपाल्याचा औषद कोण वतात ठेवता? ताकद जाता त्याची. तू इसारतंस, म्हणान मी रोज झाकतंय, सांजेक काढतंय."

रोज! तिन्ही चाचण्या! मी ओरडले, मग मलाच रडू आलं. वर्षभर सगळं कागदावर लिहिलं, दाजींना मात्र कधी सांगितलंच नव्हतं.

"दाजी, ह्या औषधाची ताकद उन्हातच येते हो!"

दाजींनी गोणपाटाची घडी केली आणि काखेत मारली.

*

चौथ्या चाचणीला समिती आली. दोन ट्रे, अर्क दोन्हीत सारखाच. एक उन्हात, एक जाड काळ्या कापडाखाली. उन्हातल्या अळ्या दुपारीच तळाला गेल्या. कापडाखालच्या संध्याकाळपर्यंत जगल्या, तरच अर्काची ताकद उन्हातच येते हे सिद्ध होणार होतं. माझा जीव त्या कापडात अडकलेला.

अध्यक्षांना धीर निघेना. त्यांनी कापडाला हात घातला, तोच दाजी मध्ये!

"सायबानू, काढू नकात! आतले मरतले!"

"अहो, मग? डास मारायलाच बसलात ना सगळे?"

दाजींनी कापडावर दोन्ही हात ठेवले.

"होय. पण ह्येंका आज जगाक होया!"