उन्हातली उशी

मी नाहूरमध्ये आरोग्य सेविका आहे. आमच्या भागात मेंदूज्वराचे काही पेशंट सापडले, तेव्हा घरोघरी वाटायला पत्रकांचा गठ्ठा हातात आला. दुपारी जेवायला घरी आले आणि ताटावर बसल्या बसल्या त्यातलं एक सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. अर्धा जन्म मुंबईत गेला, पण बोली तसूभर हलली नाही. इथे कुणाचं पोट बिघडो, कुणाची कंबर धरो, सल्ला त्यांचाच. माझ्या ट्रेनिंगला मात्र घरात त्या कधी विचारत नसत, आणि मला त्याचा राग यायचा.

"एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे, मानेचा ताठरपणा," मी वाचलं.

"ताठरपणा? ह्या कोणाक कळतला गो? मान धरली असा सांग ना!"

"बरं, मान धरली. हनुवटी छातीला टेकत नाही. अंगावर लालजांभळे ठिपके उठले आणि दाबूनही गेले नाहीत, तर आणखी वाईट. पण ठिपक्यांची वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल. काही तासांत माणूस हातचा जातो."

मला वाटलं, आता यावरही काहीतरी टोमणा येणार. पण सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ग्रिलमध्ये एक उशी उन्हात ठेवली होती. झोपेत मान अवघडली की आमच्याकडे उशीला ऊन दाखवतात. उशी तापली की मान सुटते म्हणे.

"ती उशी मीच टाकूक सांगितलंय," त्या म्हणाल्या. "थंयच्या पोरीची मान धरली म्हणान सकाळी तिची आई इचारूक इली होती."

मी हात धुतले आणि निघाले. मागे बघते तर गुडघ्यांचं दुखणं घेऊन सासूबाईही जिना उतरत होत्या.

बारावीतली ती मुलगी पडदे ओढून, डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. अंग तापलेलं. हनुवटी छातीला लाव म्हटलं, तर कळवळली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल.

तिची आई बावरली. "अगं, परीक्षेचं टेन्शन आहे. रात्रभर मान वाकडी करून अभ्यास करते ना! काकू म्हणाल्या, उद्यापर्यंत सुटेल."

मी चिडले. पण माझ्या चिडण्याने तिथे काही हलणार नव्हतं, कारण त्या घरात माझ्यापेक्षा माझ्या सासूचा शब्द मोठा होता.

तेवढ्यात धापा टाकत सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी त्या बाईपुढे हात जोडले. "मी चुकलंय. आता हिचा आयक. पोरीक उचल."

ज्या बाईने भाजीत मीठ जास्त झालं तरी कधी कबूल केलं नाही, ती शेजारणीसमोर 'चुकलंय' म्हणाली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांत आम्ही रिक्षात होतो.

मेंदूज्वरच निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तिच्या घरातल्या सगळ्यांना डॉक्टरांनी खबरदारीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये लसीकरण लागलं, तर सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. रांगेतल्या प्रत्येकाला सांगायच्या, "खोकताना तोंडार रुमाल धर, दुसऱ्याच्या बाटलीतला पाणी पिव नको. आणि तापात मान धरली तर उशी ऱ्हवांदे, हॉस्पिटल गाठ." आपली चूकही त्या न लाजता सांगत होत्या. लस टोचून घ्यायला कुरकुरणारेही त्यांच्यापुढून निमूट आत जात होते. कुणीतरी विचारलं, या कोण? गरज नसताना मी मोठ्याने सांगितलं, "माझ्या सासूबाई."

ती मुलगी बरी होऊन घरी आली. आता रोज कॉलेजला निघण्याआधी ती ग्रिलशी येते आणि इकडे बघून हनुवटी छातीला टेकवून दाखवते. ते बघितल्याशिवाय सासूबाई चहाला हात लावत नाहीत.